प्रथिन हलतं, सर

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांची बायको आत डॉक्टरांशी बोलत होती. तेवढ्यात एक बाई घाईघाईने आली आणि त्यांच्यापुढे वाकली.

“सर, ओळखलंत? अकरा वर्षं तुमच्या प्रयोगशाळेत होते मी.”

“असाल. हल्ली चेहरे डोक्यात राहत नाहीत. बसा ना.”

“काकू म्हणाल्या, इथे भेटाल. सर, आपलं ते प्रथिन हलतं!”

“कुठलं?”

“पेशीतलं. दुसऱ्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या जोड्या जुळवून देणारं.”

“डायसल्फाइड बंध.”

“हो, सर! तेच!”

“त्याचा स्फटिक करून पाहिलं तर ते अगदी गप्प पडलेलं दिसतं.”

“जिवंत पेशीत नाही. ते उघडतं, नवं प्रथिन कुशीत घेतं, बंध जोडतं आणि सोडून देतं.”

“किती वेळा पाहिलंत?”

“चाळीस वेळा. त्याचं स्वतःचं गंधक काढूनही पाहिलं. मग बंध होतच नाहीत.”

“मग पक्कं आहे. छान काम केलंत हो. बरोबर कोण होतं?”

“आधी आमचे सर होते. दोन वर्षं झाली, एकटीच करते.”

“घरी सांगितलंत?”

“घरी कोणी नाही.”

“अहो, मग तुमच्या सरांना तरी सांगा. शिकवलंय त्यांनी तुम्हाला. फार आनंद होईल त्यांना.”

“सांगितलं, सर.”

“मग? झाला ना आनंद?”

“झाला, सर.”