पन्नास मीटर लांब

नाव लुयांडो सियामुंडा, वय सेहेचाळीस वर्षे, धंदा मासेमारी, होडी स्वतःची. राहणार सियावोंगाखालची कोळ्यांची वस्ती, करिबा सरोवर.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, काल शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास मी एकटी जाळे काढत होते. तेव्हा किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या लॉजकडून एक जेट स्की आली. चालवणारा चिलेशे नावाचा लुसाकाचा पाहुणा होता, हे मला नंतर कळले. त्याच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते.

त्याने मुद्दाम माझ्या होडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. होडीत पाणी आले. मी ओरडले, "अरे बाबा, लांबून जा की!" तो हसत म्हणाला, "मावशी, फुकटात झोका मिळतोय, वर कुरकुर?" चौथ्या वळणावर तो उडून पाण्यात पडला. चालवणारा पडला की यंत्र बंद व्हावे म्हणून एक दोरी मनगटाला बांधायची असते. ती त्याने बांधली नव्हती. जेट स्की तशीच पुढे निघून गेली.

तो हाका मारू लागला. "मावशी, होडी आण! मला धड पोहता येत नाही गं!" मी वल्हे उचलले आणि मागे सरले. तो हातपाय मारत माझ्याकडे येऊ लागला, तेव्हा आणखी मागे सरले.

असे का केले, हे साहेबांनी विचारले. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जेट स्कीच्या लाटेने आमची होडी उलटली आणि माझी मुलगी चूलवे गेली. अकरा वर्षांची होती. मी याच ठाण्यात तक्रार दिली. त्यावर लॉजमध्ये बैठक झाली, आम्हाला फॅन्टा पाजला आणि नियम झाला. कोळ्यांच्या होड्यांनी पाहुण्यांपासून आणि त्यांच्या यंत्रांपासून पन्नास मीटर लांब राहावे, नाहीतर होडी जप्त. पाहुण्यांना जॅकेट आणि दोरीबद्दल विनंती करण्यात आली. पन्नास मीटर म्हणजे किती, असे मी तेव्हा विचारले होते. साहेब म्हणाले, "बाई, तुझ्या एका जाळ्याएवढं." तेवढे अंतर मला डोळे मिटूनही कळते.

शेवटी तो म्हणाला, "मी काय वाकडं केलंय तुझं?" मी म्हटले, "तू काही नाही रे बाळा. नियम आहे." मला त्याची दया आली. चूलवेची मात्र अजून कुणाला आलेली दिसली नाही. तो दोनदा वर आला, मग आला नाही. मी उरलेले जाळे काढले. मासे बरे मिळाले.

हा जबाब साहेबांनी मला आमच्या टोंगा भाषेत वाचून दाखवला. त्यात 'वाऱ्यामुळे पोहोचू शकले नाही' असे लिहिलेले होते. साहेब म्हणाले, "राहू दे गं, तुझ्याच भल्यासाठी लिहिलंय." मी म्हटले, "काल पानही हललं नाही, साहेब. 'गेले नाही' असं लिहा." त्यांनी खोडून तसे लिहिले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून अंगठा देते.