वॉर्ड ऑफिसात भांडायला गेलो

...नाही, पण भांडायचं कुणाशी, तुम्ही सांगा! पुण्यात वाढलेला माणूस मी, खिडकीपलीकडून कुणी खेकसलं की आपल्यालाही कसा सूर लागतो, आणि इथे जपानात, निशी-कसाईत... थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मागे मी कंपनी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. कंपनीत आरोग्यविम्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. आता आपला आपण भरायचा. मला वाटलं, एजंट येईल! हसू नका. आपल्याकडे हप्ता चुकला की गुणवंतकाकांचा फोन, "अरे पुष्कर, पॉलिसी बंद पडेल हं," मग ते घरी येणार, चहा पिणार, चेक नेणार. इथे वॉर्ड ऑफिसातून नुसती पाकिटं. पांढरं, मग पिवळं, मग चांगलं गुलाबी. मला जपानी बोलता येतं, वाचायचं म्हणजे बोंब. बायको, अनघा, म्हणाली, "अरे, कुणाला दाखव तरी." म्हटलं, फार तर बंद पडेल, आजारी कोण आहे?

तर तुम्हाला सांगतो, इथे बंदच पडत नाही! थकबाकी चढत राहते, वर दंड, पुढे बँकेतलं खातं जप्त, आणि दवाखान्यात आधी अख्खं बिल आपण भरायचं. हे कळलं कधी? अनघाच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं, तेव्हा. ती पोट धरून सोफ्यावर बसलेली, ती पाकिटं तेवढी माझ्यापुढे सरकवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. घाबरलो हो मी.

तडक वॉर्ड ऑफिस गाठलं. बाह्या सरसावून. "मला कुणी सांगितलं का नाही?" खिडकीतल्या मोरिताबाई उठल्या आणि कमरेत वाकल्या. "पेंडसे-सान, आमची पत्रं तुम्हाला समजली नाहीत, माफ करा." आता भांडायचं कुणाशी? मी आवाज चढवला, त्या आणखी वाकल्या. "पत्नीच्या आजाराचं सांगितलंत, बरं केलंत. आज जमेल तेवढं भरा, बाकीचे हप्ते बांधून देते. ऑपरेशनला अडचण येणार नाही."

माझे डोळेच भरून आले. मीही वाकलो. त्या अधिक खाली. आता पेंडशांनी मागे राहायचं? मी आणखी खाली... आणि कमरेत अशी उसण भरली, की तिथेच काटकोन!

म्हणजे हप्ते बांधून मिळाल्यावर पहिला पेशंट मीच. अनघाचं ऑपरेशन छान झालं. दवाखान्यातून घरी निघालो, ती ताठ चालतेय आणि मागून मी, अजून वाकलेलाच. नर्सबाईंना वाटलं, नवरा आभार मानतोय. त्याही वाकल्या. मी सरळ होईना, म्हणून त्याही होईनात. दारात टॅक्सी उभी, कुणी हलेना... भांडायचं कुणाशी?