थोरल्या जावेचा काटा

सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. दोघींच्या एकसारख्या हायब्रिड गाड्या आत तपासणीला लागल्या होत्या.

"ताई, तुमच्या बॅटरीचा काटा कधी खाली येत नाही. माझा मेला सारखा वरखाली."

"मी गाडी जपून चालवते गं."

"आणि मी काय फरफटत नेते? यांना रोज सांगते, दादांना चांगली गाडी उचलू दिलीत आणि उरलेली माझ्या गळ्यात मारलीत!"

"काहीतरीच तुझं."

तेवढ्यात मेकॅनिक बाहेर आला.

"धाकट्या मॅडम, तुमचा काटा ठीक आहे. हायब्रिडची बॅटरी चालता चालता भरते, उतरते. काटा हलायलाच हवा. बिघडलाय तो या मॅडमचा. वरच अडकून बसलाय."

"ऐकलंत ताई? अडकलाय! आणि वर्षभर मिरवत होतात!"

"अगं बाई! आता हो काय करायचं?"

"काळजी नको, वॉरंटी आहे. अख्खा मीटरच नवा बसवून देतो."

"नवा? अख्खा? ताईंना?"

"हो मॅडम."

"अहो, थांबा जरा. माझा पुन्हा एकदा नीट बघा. कुठेतरी अडकत असेलच."