आवाज डावीकडूनच येतोय

आप्पासाहेब : तिसऱ्यांदा उघडताय डॅशबोर्ड. वीस वर्षांचं प्लास्टिक आहे ते, बरणीचं झाकण नाही.

दिग्विजय : काका, वायर उलटी लागलीय असं तुम्हीच म्हणताय, म्हणून उघडतोय. मला तर दोन्ही स्पीकर बराबर ऐकू येत्यात.

शेफाली : आप्पा, त्यांना काम करू द्या ना. दादा, बारापर्यंत होईल? माझ्या मुलीची शाळा सुटते. आप्पाच आणतात तिला.

दिग्विजय : ताई, बसवून कधीच झालेत. काकांना आवाज पटंना, एवढंच राहिलंय.

आप्पासाहेब : उजवा स्पीकर माझ्या पुढ्यात आणि गाणं मात्र डावीकडून! जुन्यांचंही हेच रडगाणं होतं. नवे घेऊन काय मिळवलं?

शेफाली : गाडीत माझा फोन तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून घेतले. राजनंदिनी सोबत असते, तुम्ही उचलत नाही, माझा जीव टांगणीला लागतो. त्यात मागच्या महिन्यात ती स्कूटर...

आप्पासाहेब : ती उजवीकडून घुसली. हॉर्नसुद्धा न देता. माझी काय चूक?

दिग्विजय : काका, आता फक्त उजवा चालू ठेवलाय. कुठनं येतंय?

आप्पासाहेब : डावीकडून.

दिग्विजय : थांबा, वायर बदलतो. आता?

आप्पासाहेब : डावीकडून. दुकान टाकण्याआधी हे काम शिकला होतात का कुठे?

दिग्विजय : ताई, तुम्हीच बसा बघू काकांच्या जागी.

शेफाली : सरका आप्पा. ...उजवीकडून येतोय. अगदी स्पष्ट.

आप्पासाहेब : तुला दुकानदाराचं लगेच पटतं. ऊठ, मला बसू दे.

दिग्विजय : आता डावा काढूनच टाकतो. ताई, धरा हा हातात. हां काका, बोला.

आप्पासाहेब : काय बोलू? तेच. आवाज डावीकडूनच येतोय.

शेफाली : आप्पा, डावा स्पीकर माझ्या हातात आहे.

(गाणं चालूच राहतं.)

शेफाली : डावा कान दाबा बरं. गच्च.

आप्पासाहेब : दाबला. आता गाणं कशाला बंद केलंत?

शेफाली : हात काढा, आप्पा. काढा हात. गाणं चालू आहे. कधीपासून होतंय हे?

आप्पासाहेब : मला काय ठाऊक? राजनंदिनी डावीकडे बसते. तिचं सगळं ऐकू येतं मला. एक शब्द सुटत नाही गं.

शेफाली : मला भीती वाटतेय. रोज तुम्ही त्या रहदारीतून तिला...

दिग्विजय : ताई, हा परत बसवू का?

आप्पासाहेब : बसवा. काम चांगलं आहे तुमचं. मघाचं मनावर घेऊ नका. शेफाली, आज गाडी तू चालव.

शेफाली : तुम्हीही चला. तिला घेऊ आणि तसेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊ.

आप्पासाहेब : येतो. ती स्कूटरवाली मुलगी... हात मोडला ना तिचा?

शेफाली : आता नको ते, आप्पा.

आप्पासाहेब : भर चौकात खोटारडी म्हणालो मी तिला. ‘काका, मी हॉर्न दिला होता,’ एवढंच म्हणत होती ती.