दरवाजाचंच होतं

बस गं झुकिस्वा, खुर्ची पुसलीय मी — नाही नाही, वहीत सही नको, तू काय चौकशीला आलीयस? चौकशीवाले येऊन गेले. काय लिहिलं ते वाचलंस ना — 'धरणावरच्या कर्मचाऱ्याने दरवाजा बिघडल्याची लेखी सूचना दिली नव्हती.' म्हणजे चूक कुणाची? मेलेल्याची. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, सगळ्यांना बरं पडतं. चहा घेतेस? रॉयबॉस आहे, दूध संपलंय. म्थाथाहून टॅक्सीत धक्के खात आलीस, घे थोडा.

तुझे बाबा मला मामटोलो म्हणायचे, माझ्या कुळावरून. बाकी सगळ्यांची मी मॅडम. दर तीन महिन्यांनी यायचे, टोपी हातात, खिशात चिठ्ठी — "मामटोलो, दरवाजा गंजलाय, दोघं लोंबकळलो तरी चाक फिरत नाही." नगरपालिकेची जोखमींची यादी मीच ठेवते ना, अकरा वर्षं झाली. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. मी लालच केलं होतं — खरंच सांगते. तर साहेब म्हणाले, "लाल दिसलं की वरून माणसं येतात, प्रश्न विचारतात. शाश्वत विकासाच्या अहवालावर त्याच धरणाचा फोटो छापलाय आपण. पिवळं करा." केलं. वेळ कितीसा लागतो? पहिल्यांदा पिवळं पुसून परत लाल केलं, मग पुन्हा पिवळं. पुढच्या सात वेळा सरळ पिवळंच केलं — हे तुला कशाला सांगतेय मी.

आणि मग फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, डोंगरावर तीन दिवस पाऊस कोसळत राहिला. उघडला तुझ्या बाबांनी दरवाजा, एकट्यानं, पहार घालून. खालच्या वस्तीतलं एकही माणूस गेलं नाही. पण चाक सुटलं आणि उलटं फिरलं, पहारीचा तडाखा बसला, ते पाण्यात — ते तुला माहीत आहे.

फोन? कसला फोन? — त्यांच्या मोबाइलवर निघाला होय. त्या दिवशी, तीन वाजून दहा मिनिटं. हो, माझाच नंबर. बैठक चालू होती गं. मी यादीच वाचून दाखवत होते. नाव दिसलं, कापला. परत आला, तेव्हा बंदच करून टाकला. म्हटलं, म्हातारा परत दरवाजाचंच काहीतरी सांगत असणार. — दरवाजाचंच होतं.

रडू नकोस. म्हणजे रड, पण इथं नको, भिंती पातळ आहेत. हे घे. आठ चिठ्ठ्या, त्यांच्या हातच्या, प्रत्येकीवर आमचा शिक्का, तारीख. चौकशीवाल्यांनी मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत. निवृत्तीला चार महिने राहिलेत माझ्या… कुणी विचारलं कुठून मिळाल्या, तर सांग, बाबांच्या पेटीत होत्या — नको. शिक्का मारलेली चिठ्ठी ऑफिसातच राहते, त्यांच्या पेटीत कशी असेल? माझं नाव सांग. पूर्ण नाव. अशी बघू नकोस माझ्याकडे. ऊठ. ऊठ म्हणते ना — साहेब जेवून यायच्या आत नीघ.