दात काढायच्या आधी

वसमतला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक बसले होते. बापाचा गाल सुजलेला होता.

"ऐश्वर्या, लॅपटॉप पाह्यला का?"

"पाह्यला, बाबा. स्कॉलरशिपच्या पैशात नवा बसतो, पण त्यात चार वाद्यांचे आवाज एकत्र लावले की तो अडकतो. एक जुना चांगला हाय. दुकानदार म्हणला, गाणी करायची तर तोच घे."

"मग तोच घे."

"त्याला तुमच्या कवळीचे पैसे लागतील."

"लागू दे."

"न्हाई. समोरचे चारही दात हालून राहिले. आधी ते काढा. मी अजून वर्षभर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शिकते."

"अन् वर्षभरानं माझं क्लॅरिनेट कसं रेकॉर्ड करशील? कवळीवर वाजवायला लागतो तो दाब बसत न्हाई, बाई. आमच्या बँडच्या वस्तादाचं पाह्यलं मी. दात गेले अन् वाजवणं सुटलं."

"आजच फोनवर घेते."

"फोनमधी सूर फाटतो, तूच म्हणलीस."

"लॅपटॉपात क्लॅरिनेटचे तयार आवाज असतात, बाबा."

"त्यात माझा हाय का?"



आतून सिस्टर आली. "भीमराज कोण?"

"मी. ताई, दात आज न्हाई काढत. सूज उतरायची गोळी तेवढी द्या."

"दुखेल, काका."

"व्हय. सोसतो थोडे दिवस. पोरीला माझं वाजवणं रेकॉर्ड करून घ्यायचंय."

सिस्टरनं मुलीकडे पाहिलं. ऐश्वर्या उठून उभी राहिली.

"गोळी उपाशीपोटी चालते का, सिस्टर?"