साळ्याच्या बांधीतलं खत

वर्ष चोपन्न होतं की पंचावन्न, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. नागभीडजवळच्या सोमाभाऊंना आम्ही शेतीखात्यातल्यांनी अमेरिकेहून आलेलं खत फुकट दिलं होतं. तिकडचा तज्ज्ञ पीक पाहायला आला, तर सोमाभाऊंचं धान पिवळं आणि शेजारच्या बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातलं, हिरवंगार! माझी नोकरी अजून कच्ची होती.

"भाऊ, खत कुठं गेलं?"

"साळ्याच्या, बायकोच्या भावाच्या बांधीत टाकलं जी, त्याले न सांगता. धान मरते का जगते, पाहून राह्यलो."

मी त्या अमेरिकन साहेबाला 'खत इथं पडलंय' म्हणून शेजारचीच बांधी दाखवली. तो खूश झाला. हे खोटं बोलणं झालं का, माझं अजून ठरत नाही.

कितीतरी वर्षांनी त्या साळ्याला विचारलं, बांधीत खत पडल्याचं त्याला ठाऊक होतं का.

"ठाऊक होतं जी. म्हणून आधी बहिणीले माहेरी आणलं, मंग त्या बांधीतले नवे तांदूळ पयले भाऊजीले खाऊन पाहाले धाडले."